सुरी लागली की पसरतो?

आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या उजव्या गालाला आतून पांढरा चट्टा उठला होता. पुढे त्याचा व्रण झाला, व्रणाची कड टणक झाली आणि वडापाव खाताना तोंड पुरतं उघडेना. डोंबिवलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "तुकडा काढून तपासायला पाठवू या." काका खुर्चीवरून उठले ते तडक घरी. सुनेला म्हणाले, "सूनबाई, हे आपल्याला नको. याला सुरी लागली, हवा लागली की सगळीकडे पसरतं." पुढचे तीन महिने हळदीच्या गुळण्यांत गेले.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही इमारतीच्या जिन्यात हे वाक्य ऐकायला मिळतं. आजाराचं नाव कोणी घेत नाही. "परळला नेलंय" किंवा "टाटाला दाखवलंय" एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. आणि त्याच दमात पुढचं येतं, "ऑपरेशन केलं आणि वाढलंच बघा." अडाणीपणा म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांनी असं घडताना खरोखर पाहिलेलं आहे. त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, त्याचं कारण मात्र त्यांनी लावलं ते नव्हतं. ते कारण शोधायचं तर कॅन्सरची शस्त्रक्रिया कशी घडत गेली ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

इजिप्तमध्ये मिळालेल्या एका पपायरसच्या गुंडाळीत, जी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० सालची आहे, ४८ रुग्णांची हकीकत लिहिलेली आहे. पंचेचाळिसावी नोंद छातीतल्या टणक गाठींची. बाकीच्या बऱ्याच नोंदींखाली लेप, पट्टी, टाके असं काही ना काही सांगितलंय. इथे वैद्याने लिहिलंय, उपचार नाही. आपल्याकडे सुश्रुताने मात्र अर्बुद कापायला सांगितलं आणि कापताना एक अट घातली. थोडंही मागे ठेवू नका; उरलेला अंश विझवायच्या राहिलेल्या आगीसारखा पुन्हा भडकतो आणि माणसाला मारतो. काकांच्या वाक्यातली भीती आणि सुश्रुताची ताकीद शेजारी ठेवून बघा. दोघं एकच घटना सांगतात. काका दोष सुरीला देतात, सुश्रुत मागे राहिलेल्या अंशाला.

पण अंश मागे न ठेवता कापायचं कसं? रुग्ण शुद्धीवर असताना सर्जनच्या हाती काही मिनिटं असायची. अमेरिकेत केंटकीमध्ये १८०९ साली इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून अंडाशयाची साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंहून जड गाठ काढली, तीही भूल न देता. बाई त्यानंतर ३२ वर्षं जगल्या. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याजोगी. बहुतेकांच्या बाबतीत गाठीचा दिसणारा भाग घाईने कापला जाई, मुळं आत राहत, आणि काही महिन्यांत त्याच जागी आधीपेक्षा भयंकर गाठ वर येई. जी वर आली नाही तिच्या मालकाला जखमेतला पू घेऊन जाई. शेजारच्या बाईला काय दिसणार? कापलं आणि वाढलं.

बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि मिनिटांचा प्रश्न सुटला. विशेष म्हणजे ती शस्त्रक्रियाही मानेवरच्या गाठीचीच होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा भुलीचं वय साडेसहा वर्षांचं होतं आणि जंतूंचा बंदोबस्त व्हायला आणखी १४ वर्षं होती. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम धुण्याची रीत १८६७ मध्ये मांडली. भूल आल्याने सर्जनला वेळ मिळाला आणि जंतुनाशकाने रुग्ण पुढचे दिवस पाहू लागला. मग व्हिएन्नात बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराचा कॅन्सरग्रस्त भाग यशस्वीपणे काढला, आणि शरीराचा एकेक कोपरा सुरीच्या हद्दीत येऊ लागला.

हा बदल डोळ्यांनी पाहायचा असेल तर फिलाडेल्फियातली दोन चित्रं आहेत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ज्या शहरातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या तेच हे शहर. चित्रकार टॉमस एकिन्स यांनी १८७५ मध्ये एका शस्त्रक्रियेचं चित्र काढलं. त्यात सर्जन रस्त्यावरच्या काळ्या कोटातच उभे आहेत, हाताला रक्त लागलेलं आहे. १८८९ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, त्यांनी दुसरं काढलं. त्यात स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया चालू आहे आणि सगळे सर्जन पांढऱ्या अंगरख्यात आहेत. हातमोजे मात्र कोणाच्याच हातात नाहीत. ते त्याच सुमाराला बाल्टिमोरमध्ये आले, आणि आले ते रुग्णासाठी नव्हेत. विल्यम हॅल्स्टेड यांच्या मुख्य परिचारिकेच्या हातांची जंतुनाशकाने आग होई, म्हणून त्यांनी रबराच्या कारखान्यातून पातळ मोजे करवून घेतले. पुढे दोघांचं लग्न झालं.

या हॅल्स्टेड यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढची ऐंशी वर्षं जगभरच्या बायकांच्या छातीवर त्यांच्या विचाराची खूण राहिली.

शेतात हरळी माजली की नुसती वरून कापून भागत नाही, हे कल्याणच्या पलीकडे मुरबाड-शहापूरकडे कोणीही सांगेल. ती जमिनीखालून कांडी कांडी करत सरकते. उपटायची तर दिसते त्याच्या कितीतरी पुढपर्यंत खणावं लागतं, एक कांडी राहिली तरी पुन्हा फुटते. हॅल्स्टेड यांच्या मते कॅन्सर ही हरळी होती. गाठीपासून तो सलग, पायरीपायरीने सरकतो, आधी शेजारच्या मांसात, मग काखेतल्या लसिका ग्रंथींत, मग आणखी पुढे. म्हणून त्यांनी स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एका सलग तुकड्यात काढायला सुरुवात केली. १८९४ मध्ये त्यांनी अशा ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण इतरांच्या मानाने फारच कमी होतं. या शस्त्रक्रियेला चिकटलेलं 'रॅडिकल' हे विशेषण लॅटिनमधल्या 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं आहे. मराठीत समूळच म्हणा ना.

छाती खोल गेलेली, फासळ्यांवर कातडी ताणलेली, हात सुजून जड झालेला, अशी अवस्था घेऊन बायका घरी जात. त्याच जागी रोग सहसा परत येत नसे, हे खरं. पण काही वर्षांनी त्यातल्या कित्येक जणी हाडांत, यकृतात, फुप्फुसात पसरलेल्या कॅन्सरने जात. यावर सर्जनांचं उत्तर काय होतं? आपण पुरेसं खणलं नाही. मग कोणी गळपट्टीच्या हाडाखाली गेलं, कोणी फासळ्या काढल्या.

हरळीच्या हिशेबात न बसणारी गोष्ट १८८९ मध्येच लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी मांडली होती. स्तनाचा कॅन्सर यकृतात आणि हाडांत वारंवार जातो, प्लीहेत क्वचितच, असं का? नुसतं सरकत जाणं असतं तर असं निवडून जाणं झालं नसतं. पॅजेट म्हणाले, हे बी आहे आणि काही जमिनी त्याला मानवतात. आपल्या भाषेत, ही हरळी नाही, काँग्रेस गवत आहे. आपण उपटायला जाईपर्यंत बी वाऱ्यावर गेलेलं असतं. मग एक रोपटं उपटायला आख्खं शेत खणून उपयोग काय?

हे सिद्ध व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. माझ्या मते त्याचं कारण विज्ञानापेक्षा सर्जन मंडळींच्या स्वभावात होतं. मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला लहान शस्त्रक्रिया भित्रेपणाची वाटते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून सोळाशेहून अधिक बायकांमध्ये मोठी आणि लहान शस्त्रक्रिया यांची तुलना लावली. कोणाला कुठली, हे सर्जनच्या मनावर न ठेवता सोडतीने ठरवलं. २५ वर्षं पाठपुरावा केला. आयुर्मानात फरक नाही. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ बायकांमध्ये आणखी पुढे जाऊन पाहिलं. लहान गाठ असेल तर स्तनाचा तेवढाच भाग काढून वर रेडिएशन दिलं, आणि २० वर्षांनंतरही हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेइकतेच मृत्यू. रेडिएशन मात्र ऐच्छिक नाही. फिशर यांच्याच दुसऱ्या अभ्यासात नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या त्याच स्तनात रोग परतला, वर शेक दिलेल्यांपैकी १४ टक्क्यांच्या. "गाठ निघाली, आता शेक कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी हे दोन आकडे आहेत.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे कमी कापणं बरं. तोंडाच्या कॅन्सरने आपल्याला याच्या उलट शिकवलं, आणि तो धडा परळला लिहिला गेला.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९३१ साली ल्युकेमियाने गेलेल्या लेडी मेहेरबाई टाटा आणि पुढच्याच वर्षी गेलेले सर दोराबजी यांच्या पैशातून आणि आठवणीतून ते उभं राहिलं. पॅथॉलॉजीचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. गोव्याच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या हाताची ख्याती एवढी की आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. या इमारतीत पहिल्या दिवसापासून तोंडाच्या कॅन्सरची रांग होती. पाश्चात्त्यांच्या पुस्तकातला कॅन्सर बहुधा जिभेचा किंवा तोंडाच्या तळाचा. आपला गालाचा आणि हिरडीचा, कारण तंबाखू-चुन्याची गोळी आपण तिथे, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, तासन् तास धरून ठेवतो. मशेरी लावणाऱ्या आज्यांचाही तोच.

तोंडातून हा रोग आधी मानेतल्या ग्रंथींत उतरतो. १९०६ मध्ये अमेरिकेचे जॉर्ज क्राइल यांनी मानेची पूर्ण सफाई सांगितली, त्यात मोठी शीर, मानेचा जाड स्नायू आणि खांदा उचलणारी नस, सगळंच जाई. (गंमत अशी की त्यांच्याच मुलाने पुढे स्तनाच्या मोठ्या शस्त्रक्रियेविरुद्ध आयुष्यभर भांडण मांडलं.) नंतरच्या सर्जनांनी नस, शीर, स्नायू वाचवून फक्त ग्रंथी काढायचं तंत्र बसवलं. तरी एक वाद राहिलाच. तोंडातली गाठ लहान आहे, मान तपासली तर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीत नाही. अशा वेळी मानेला हात लावायचा की वाट बघायची? दोन्ही बाजूंचे सर्जन पन्नास वर्षं आपापल्या अनुभवाचे दाखले देत राहिले.

परळला डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं या प्रश्नावर सोडतीने अभ्यास केला. निम्म्यांची मान तोंडाबरोबरच साफ केली, निम्म्यांची गाठ दिसल्यावर. २०१५ मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५. दर आठ माणसांमागे एक जीव. ज्यांच्या मानेत काहीच दिसत नव्हतं त्यांच्यातही दडलेला रोग होता. हा निकाल आज जगभर पाळला जातो, आणि तो ज्यांच्या जिवावर लागला ते लोक तुमच्या-आमच्या लोकलमधून परळला उतरणारे होते.

तर काकांचं पुढे काय झालं? तीन महिन्यांनी सुनेनेच हट्ट धरला. तुकडा गेला, निकाल आला. मग स्कॅन, मग सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात ती बैठक. तारीख मिळाली. त्या दिवशी आत काय होतं हे सूनबाईंनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, म्हणून मलाही सांगता येतंय.

भुलीची नळी नाकातून घालतात, कारण तोंड सर्जनला मोकळं हवं. मग व्रणाच्या कडेपासून चहूकडे साधारण एक सेंटिमीटर निरोगी दिसणारं मांस धरून रेघ आखतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिलिमीटर निरोगी पट्टी दिसली की पुरे असते, मग एक सेंटिमीटर का? कारण अंगापासून सुटताच मांस आखडतं, फॉर्मेलिनमध्ये आणखी आखडतं. काढलेल्या तुकड्याला कुठली बाजू वरची, कुठली पुढची हे कळावं म्हणून टाक्यांच्या खुणा बांधतात. शंका असेल तर कडेचा बारीक भाग लगेच गोठवून, काप करून, तिथल्या तिथे बघतात. अर्ध्या तासात आतून निरोप येतो आणि गरज असल्यास सर्जन आणखी काढतो. बाकीचा तुकडा पॅथॉलॉजीत जातो. तिथे त्याच्या कापलेल्या पृष्ठभागावर शाई लावतात, मग उभे काप करतात. काचेवर शाईची काळी रेघ आणि कॅन्सरच्या पेशी यांच्यात किती अंतर आहे ते मोजलं जातं. "मार्जिन क्लिअर आहे" हे वाक्य वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक ज्याची वाट बघतात, ते या शाईपासून मोजलेलं असतं. सुश्रुताची अट मोजायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

त्यानंतर मान. आणि त्यानंतर गालाला पडलेलं भोक बुजवायचं. जुन्या काळी ते तसंच राही, म्हणून लोक ऑपरेशनला घाबरत. लाळ गळे, माणूस चारचौघांत येईना. आता छातीचा मोठा स्नायू त्याच्यावरच्या कातडीसकट, रक्तवाहिनी न तोडता, गळपट्टीच्या हाडावरून वर आणून गालात बसवतात. ही युक्ती १९७९ मध्ये अमेरिकेत स्टीफन आरियन यांनी प्रसिद्ध केली आणि कमी वेळात, कमी खर्चात होते म्हणून आपल्याकडे फार रुळली. लक्षात आलं का, हॅल्स्टेड ज्या स्नायूला कापून बादलीत टाकत, तोच हा. जबडा काढावा लागला तर पायातलं बारीक हाड घेतात. शरीराचं वजन शेजारचं जाड हाड पेलतं, त्यामुळे माणूस चालू शकतो. ते हाड जबड्याच्या आकारात कापून, त्याची दोन-तीन मिलिमीटरची रक्तवाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी जोडतात. अशा शस्त्रक्रियेला आठ-दहा तासही लागतात. रात्री परिचारिका तासातासाला येऊन नव्या कातडीचा रंग आणि ऊब बघते. काळसर पडली तर धावत परत टेबलावर.

काकांचं छातीच्या स्नायूवर भागलं. नाकातून अन्नाची नळी, गळ्याला काही दिवस श्वासाचं छिद्र, मग शेक. आता मऊ भात खातात, बोलतात थोडं जड. एकदा मला म्हणाले, "सुरी लागली, पण पसरलं नाही." मी काही बोललो नाही, कारण त्यांच्या जुन्या भीतीत सत्याचा एक कण आहे आणि तो सांगायचा राहिला होता.

शस्त्रक्रियेच्या वेळी हाताळणीने काही पेशी रक्तात सुटत असाव्यात, ही शंका सर्जनांनाही फार वर्षांपासून आहे. परळचेच सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या अकरा केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० बायकांवर एक साधा प्रयोग झाला. कापण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या सगळ्या बाजूंनी लिग्नोकेनचं इंजेक्शन, म्हणजे दातवाले दात काढताना देतात तेच स्वस्त औषध. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, घेतलेल्यांत ९०.१. म्हणजे भीतीवरचा उपाय सुरी टाळणं हा नव्हता, सुरीच्या आधीची ती काही मिनिटं होती. आणि दोन्ही गटांतल्या बायका इतक्या संख्येने जगल्या त्या शस्त्रक्रिया झाली म्हणूनच.

तपासणीचा तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वाट बघितल्याने. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्यात जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. ते तुकडा काढूया म्हणाले तर काढू द्या. पुढे परळला जायची वेळ आली तर कागदांच्या फाइलबरोबर लॅबमधून काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा पाहतात, आणि तुमची एक फेरी वाचते.